भेटीची वेळ चार ते सहा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रुजू झालो. एकसष्टाव्या वर्षी हे दोन शब्द लिहिताना मजा वाटली. निवृत्त होऊन तीन वर्षं घरात माशा मारल्या, आणि आता काम मिळालं तेही बंद पडणाऱ्या इस्पितळात. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते कशी, बाबा, तुम्ही हात लावायच्या आधीच ते बंद पडतंय हे बरं झालं, नाहीतर तुमच्यावर आळ आला असता.

काम असं आहे. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता फाटकाला कायमचं कुलूप लागणार. त्याआधी साठ वर्षांच्या दाखल-नोंदवह्या पुऱ्या करून, गठ्ठे बांधून, शिक्के मारून द्यायच्या. ज्या रुग्णाच्या नावापुढे शेवटचा रकाना अर्धवट असेल तो भरायचा. घरी सोडले, दुसरीकडे हलवले किंवा वारले. चौथा प्रकार नाही. आत आलेला माणूस कागदावर बाहेर पडलाच पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. शहरातल्या मोठ्या इस्पितळात मी चौतीस वर्षं हेच केलं आणि एकही खोटी नोंद केली नाही. हे मीच मला अधूनमधून सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

फाटकावर पहारेकरी भेटले. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. त्यांनीच सगळं फिरून दाखवलं. तीन मजले, चौसष्ट खाटा, एक लिफ्ट जी दोन वर्षांपासून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून बसली आहे. लिलावाच्या यादीत 'स्टूल, ६४' असं वाचून लिलावाच्या साहेबांनी, हे तपासायला पाठवायचे आहेत का, असं विचारलं म्हणे. कुलूपकाका हा विनोद दिवसातून चारदा सांगतात आणि चारही वेळा आधी स्वतः हसतात.

रेकॉर्डच्या खोलीत ओल आहे, म्हणून माझं टेबल पहिल्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात टाकलं आहे. वीस खाटा, उंच खिडक्या, भरपूर उजेड. प्रत्येक खाटेच्या डाव्या अंगाला एक लाकडी स्टूल, भेटायला येणाऱ्यासाठी. दारावर पाटी: भेटीची वेळ चार ते सहा. जागा मला आवडली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वह्या वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. लोक कादंबऱ्या कशाला विकत घेतात कोण जाणे.

पहिली वही साठ वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे तीन खोल्या होत्या आणि एक सुईण. आदल्या वर्षी तापाची साथ आली होती आणि दूरच्या इस्पितळात पोचेपर्यंत आसपासच्या चार गल्ल्यांतली कितीतरी माणसं रस्त्यातच गेली. मग छापखान्यात, शिवणकामाच्या कारखान्यात, गाड्या दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये राबणाऱ्यांनी ठरवलं की आपलं आपण बांधू. सुट्टीच्या दिवशी विटा वाहून त्यांनी वरचे दोन मजले चढवले. व्यवसायाच्या रकान्यात अजून ते सगळे बसलेले आहेत: अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी, शिंपी, बाइंडर, टायरवाला.

मग बाळंतपणांची वर्षं. पानंच्या पानं 'मुलगी, आई-बाळ ठीक', 'मुलगा, आई-बाळ ठीक'. अशीच एक मुलगी पुढच्या एका वहीत आई होऊन येते, आणि तिची मुलगी त्याच्याही पुढच्या वहीत. तिघींना मी नावानं ओळखायला लागलो आहे.

नंतर पानं विरळ होत जातात. हमरस्त्यावर काचेच्या दारांचं नवं रुग्णालय झालं, एकेक डॉक्टर तिकडे गेले. मग आगीच्या जिन्याचा नियम आला आणि जिना काही झाला नाही. आधी ऑपरेशनं थांबली, मग बाळंतपणं. गेल्या वर्षीची वही निम्मीसुद्धा भरलेली नाही.

आज दुपारी एक बाई आपल्या उंच मुलाला घेऊन आली होती. तो कुठल्या खिडकीमागे जन्मला ते तिला दाखवायचं होतं. कुलूपकाकांनी वर सोडलं. मुलगा लाजून मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा राहिला आणि बाई भिंतीला तळवा लावून कितीतरी वेळ तशीच उभी. मी उगाचच एक गठ्ठा सोडून पुन्हा बांधला.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज मोठं काम हातावेगळं झालं. शेवटच्या रकान्यात फक्त 'वा.' लिहिलेल्या तेवीस नोंदी निघाल्या. पहिल्या काही सुंदर तिरप्या अक्षरात, पुढच्या दुसऱ्याच हातच्या, पण सगळीकडे तेवढंच. वा आणि टिंब. मी काय काल धंद्यात आलो? वा. म्हणजे वारले. प्रत्येकीला मृत्यूचा दाखलाही जोडलेला आहे. लिहायचा कंटाळा, दुसरं काय. पण वरून आलेल्या पत्रात स्पष्ट आहे की संक्षेप चालणार नाहीत, पूर्ण शब्द हवा.

लाल शाई काढली आणि बसलो. माझी जुनी सवय, नोंद लिहिताना मोठ्याने वाचायची. नाव, खाट क्रमांक, तारीख, शेवट. डोळा चूक सोडून देतो, कान पकडतो. ही, म्हणजे माझी बायको, हसायची. अहो, भिंतीला कशाला ऐकवता, म्हणायची. मोकळ्या वॉर्डात आवाजही छान घुमतो. तेवीस नावं खणखणीत वाचली आणि प्रत्येकापुढे 'वारले, नोंद बंद' असं म्हणत लिहून काढलं. तेवीसपैकी नऊ याच वॉर्डातल्या. संपलं तेव्हा चार वाजून गेले होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मंगळवारी लिलावाची माणसं येऊन या वॉर्डातली सगळी स्टुलं खाली नेऊन रचून गेली. काल दुपारी चहा पिऊन वर आलो तर नऊ स्टुलं परत वर, खाटांच्या डाव्या अंगाला. मी कुलूपकाकांवर तोंडसुख घेतलं. त्यांनी कानांवर हात ठेवले. स्टुलं पुन्हा खाली नेली. आज दुपारी चारला पुन्हा नऊच्या नऊ हजर.

दोन, पाच, सात, आठ, अकरा, चौदा, पंधरा, अठरा, वीस. कारकुनाचं डोकं, ताडून पाहिल्याशिवाय राहवेना. सोमवारी मी बंद केलेल्या याच वॉर्डातल्या नऊ नोंदींचे हे खाट क्रमांक.

शिवाय एक आवाज येतो. बरीच माणसं रडू दाबून धरतात तेव्हा होतो तसा. नळाच्या पाइपात हवा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, पाणी शनिवारीच तोडलं आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कुलूपकाकांनी थोरल्या सिस्टरना बोलावणं धाडलं होतं. वय अठ्ठ्याहत्तर, राहणं मागच्याच गल्लीत, एकोणचाळीस वर्षं याच वॉर्डात काढलेली. आल्या त्या माझ्याकडे न बघता वॉर्डाच्या मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. मग वही मागितली. लाल शाई पाहिली आणि भिंतीला टेकल्या. किती वाजता वाचलंत, मोठ्याने वाचलंत का, एवढंच आधी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. फार वर्षांपूर्वी इथल्या पुरुषांच्या वॉर्डात एका माणसाचा भाऊ धुतलेले कपडे आणायला घरी गेला. जाताना 'आलोच' म्हणाला. आपण सगळे म्हणतो तसंच. अजून उंबरा ओलांडलेला नसतो आणि आपल्या बोलण्यात आपण परतसुद्धा आलेलो असतो. तो येईपर्यंत माणूस गेला, गादी बदलली, खाटेवर दुसरा रुग्णही आला. भाऊ कपड्यांची पिशवी धरून परक्याच्या खाटेशी उभा राहिला. पहिल्या मेट्रनबाईंना ते बघवलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी नियम केला. 'आलोच' म्हणून गेलेलं माणूस येईपर्यंत त्या खाटेचं स्टूल हलवायचं नाही. उशिरा आलेल्यानं पाच मिनिटं त्यावर बसायचं आणि 'आलो' म्हणायचं. मग रकान्यात 'आले' असं लिहून नोंद बंद. जे आलेच नाहीत त्यांच्या रुग्णापुढे 'वा.' लिहायचं.

वा. म्हणजे वारले नव्हे. वा. म्हणजे वाट बघतात.

नियम मायेपोटी झाला होता, सिस्टर म्हणाल्या. पण पुढे नर्सना कळलं की खरंच कुणीतरी बघतंय. भेटीची वेळ झाली की त्या खाटांवरून विचारणा व्हायची, आले का, म्हणून. म्हणून रोज चारला एकीनं वॉर्डातून फिरायचं आणि 'येताहेत हं, येताहेत' म्हणायचं. तेवढ्यानं शांत व्हायचे. एक मुलगी परदेशातून अकरा वर्षांनी आली, स्टुलावर बसून 'आले गं आई' म्हणाली, आणि त्या खाटेवरून पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. इस्पितळ रिकामं झाल्यापासून सिस्टर स्वतः रोज येऊन फेरी मारत होत्या. दोन आठवडे तापानं अंथरूण धरलं, तेवढ्यात मी उगवलो.

मी म्हटलं, पण सिस्टर, ती माणसं तर वारलेलीच आहेत ना? त्या म्हणाल्या, हो, पण त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सिस्टरांबरोबर मीही फेरीला गेलो. त्या प्रत्येक स्टुलाशी वाकून 'येताहेत हं' म्हणत होत्या. मला शब्द ऐकू येत नाहीत, नुसती कुजबुज. सिस्टरांना येतात. दारापाशी आल्या तेव्हा डोळे भरले होते. म्हणाल्या, आता विश्वास ठेवत नाहीत. विचारतात, येताहेत तर मग ते गृहस्थ काय वाचत होते.

हे ऐकल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. कुणाच्या अंगाला बोट न लावता मी तेवीस माणसांना एका दुपारी मारलं.

सिस्टर बुधवारी भाच्याकडे दुसऱ्या गावी कायमच्या जाताहेत, इस्पितळाबरोबर त्यांची खोलीही पाडणार आहेत. मला त्यांनी बजावलं की चारच्या आत वॉर्ड सोडायचा. हाक आली तर उत्तर द्यायचं नाही, फार तर 'येताहेत हं'. आणि काही झालं तरी दुसऱ्याच्या वाटचं 'आलो' म्हणायचं नाही. एका कोवळ्या नर्सनं दया येऊन आठ नंबरच्या म्हातारीला 'आले' म्हटलं होतं. म्हातारीनं हात धरला. तिसऱ्या दिवशी हात सुटला, पण ती पोरगी कुणालाच ओळखेना, आईबापालाही नाही. बावीस वर्षांची होती, सिस्टर म्हणाल्या.

मग मी त्यांना हिचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

ही तीन वर्षांपूर्वी गेली, माझ्याच इस्पितळात. दाखल-कागदावर वय एकोणसाठ लिहिलं होतं, खरं अठ्ठावन्न. मला राहवेना. 'आलोच' म्हटलं आणि खाली माझ्याच जुन्या विभागात दुरुस्तीचा शिक्का घ्यायला गेलो. ओळखीचे भेटले, चहा झाला, चाळीस मिनिटं गेली. वर आलो तेव्हा खाट नेलेली होती. नर्स म्हणाली, दोनदा विचारत होत्या, अहो कुठे गेले. दुरुस्त केलेला कागद माझ्या हातात होता. तिथे ना कुणी स्टूल ठेवलं ना 'येताहेत हं' म्हटलं. ती कुठे वाट बघत असेल, सिस्टर? मला एकदा तिच्याजवळ बसून 'आलो' म्हणायचं आहे. आयुष्यात आता एवढंच उरलं आहे.

सिस्टरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत काम आटपा आणि इथून निघा.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सिस्टर गेल्या. निघताना त्यांनीही 'येते हं' म्हटलं आणि जीभ चावली.

आज मी खोटी नोंद केली.

बायकांच्या वॉर्डाच्या शेवटच्या वहीत कोरी ओळ होती. हिचं नाव लिहिलं. वय अठ्ठावन्न. खाट सात. सात नंबर खिडकीशी आहे आणि हिला खिडकी लागायची. त्या खाटेवर आधीच एकजण आहे हे मला ठाऊक आहे. एकतीस वर्षांपूर्वी, सिस्टर सांगत होत्या, नवरा गाडी बघून आलोच म्हणाला, तो आला नाही. पण खिडकी तिथेच आहे, मी काय करणार. शेवटच्या रकान्यात 'वा.' लिहिलं. मोठ्याने वाचलं.

कुठेतरी वाट बघायचीच आहे तर जिथे स्टूल आहे तिथे बघू दे.

चौतीस वर्षांत ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला ती गेली आणि मला हलकं वाटलं. चारच्या आत निघालो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चार वाजून दहा मिनिटं. जिन्यात होतो, निघतच होतो.

वरून हाक आली. शब्द स्पष्ट. आजवर मला एकही ऐकू आला नव्हता.

अहो.

तीन वर्षांत मला कुणी 'अहो' म्हटलेलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून बसलो. कुलूपकाका आले, पाणी दिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती, आणि तरी मी रडत होतो ते भीतीनं नव्हे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सिस्टरांना फोन केला. आधी रागावल्या. मग म्हणाल्या, सात नंबरचीही 'अहो'च म्हणायची. एकतीस वर्षं. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही बाईनं, त्यामुळे शोधायचं कुणाला हेही आम्हाला कळलं नाही.

म्हणजे हाक कुणाची? हिची, की त्या बाईची? आणि कुणाला? 'अहो' काय, कुणाचाही असतो. ही बाजारात 'अहो' म्हणायची तेव्हा चार पुरुष वळायचे. त्यावर आम्ही किती हसलो आहोत.

आज दाराबाहेर उभा राहून विचारलं. कागदावर वय किती लिहिलं होतं गं, एकोणसाठ की अठ्ठावन्न?

आतून, अहो. एवढंच. हिच्यासारखंच 'हो' जरा लांबवून.

की सगळ्याच तसं लांबवतात?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गठ्ठे बांधून झाले. लाल शाई खोडता येत नाही. बांधायच्या आधी प्रत्येक नोंदीवर नव्यानं 'वा.' लिहिलं आणि वाचलं. चूक माझी होती, तुम्ही वारलेले नाही, असं मोठ्याने सांगितलं. आवाज फाटला. कुजबुज थांबली. मग कुणीतरी हसलं, नाही, हुंदका होता.

खोटं बोलायला मी फार उशिरा शिकलो.

बुधवार, २६ फेब्रुवारी

गेलो नाही. घरीच.

लेकीचा फोन. शुक्रवारी ती गाडी घेऊन येणार, मला कायमचं तिच्याकडे नेणार. इस्पितळातूनच उचलते म्हणाली. मी हो म्हटलं. बॅग भरली. तिच्याकडे नातवासाठी वेगळी खोली केली आहे, माझी खाट त्याच खोलीत. सगळं चांगलं आहे.

चार वाजता घरातच होतो, हमरस्त्यापलीकडे, दोन मैलांवर. काही ऐकू आलं नाही.

ऐकू आलं नाही याचंच वाईट वाटत राहिलं. तिथे ती विचारत असेल आणि मी पुन्हा एकदा भलतीकडे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

गेलो. फक्त शिक्के मारायला, असं स्वतःला सांगून.

पावणेचारला खाटा न्यायला माणसं आली. अकरा खाटा नेल्या. नऊ उचलेनात. चौघांनी मिळून जोर लावला. साहेब चिडले, म्हणाले गंजून फरशीला धरल्या असतील, राहू द्या, इमारतीबरोबरच जातील.

इमारतीबरोबर. एवढ्या सहज म्हणाले.

स्टुलं नऊ. मी दारात. सातजवळच्या स्टुलावर ऊन पडलं होतं. गादीवर कुशीवर झोपल्यासारखा खळगा. ही कुशीवरच झोपायची.

अहो. मग थोड्या वेळानं, आलात का.

तोंड उघडलं होतं मी. कुलूपकाकांनी दंडाला धरून खाली ओढत नेलं. त्यांच्या हाताचे वळ उठले आहेत.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. तीन वाजता सगळं ताब्यात दिलं. सह्या झाल्या. साहेब हात मिळवून गेले. डायरी खिशात आहे. फाटकापाशी बाकावर बसलो आहे, लेकीची वाट बघत. फोन आला होता, बाबा, वाहतूक तुंबली आहे, आलेच.

चौदा नंबरची मुलगी बारा वर्षांची होती. तिचा बाप काय आणायला गेला होता ते वहीत नाही.

साडेचार. लेक अजून नाही. वरून हाक.

सहाला कुलूप. मग हाक कुणाला ऐकू जाणार? पाडायची माणसं येतील, त्यांना यंत्रांपुढे काय ऐकू येणार? नऊ जणी 'आले का' विचारत राहतील आणि वरून छत—

पाच मिनिटं. फक्त पाच.

*

कुलूपकाका फाटकाशी कुणाशी तरी बोलत होते. मागच्या जिन्यानं आलो. स्टुलावर बसलो आहे. ऊन आहे. भीती वाटते, लिहिलं की कमी वाटते म्हणून लिहितो.

म्हटलं मी. आलो, म्हटलं.

हात आला. गार नाही. डावा हात धरला आहे. दिसत काही नाही, गादी मात्र दबली आहे.

उशीर झाला, चुकलो, कागदाच्या मागे गेलो, असं सगळं सांगितलं. रडलो. तिने हात दाबला. तीन वर्षांत पहिल्यांदा—

*

तिच्या बोटात अंगठी आहे. ही अंगठी घालत नसे.

ही नव्हे.

विचारलं, तुम्ही कोण. ती म्हणते, अहो, गाडी मिळाली का. किती आनंदानं म्हणते. काय सांगू या बाईला. एकतीस वर्षं. म्हटलं, हो, मिळाली. कसं नाही म्हणू.

मग हिची नोंद? तीही इथेच असेल तर? कुठल्या खाटेवर? हाक मारली. नाव घेऊन मारली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घेऊन.

सगळा वॉर्ड वळला. गाद्या करकरल्या. एकदम.

*

सोडत नाही. ओढून पाहिलं.

स्टुलं जवळ आली आहेत. मी हलवली नाहीत. आता खाटाही.

सगळ्यांनी ऐकलं ना मी आलो म्हटलेलं. सगळ्या म्हणताहेत, आलास, आलात, आला गं. जिला तिला वाटतं तिचंच माणूस.

खाली गाडीचा हॉर्न. लेक. बाबा म्हणून हाक मारते आहे. चौदा नंबरची पण बाबा म्हणते आहे. दोन्ही आवाज सारखे. कुठली माझी, खालची की ही चौदाची—

मी ओ दिली. कुणाला दिली कळत नाही.

किल्ल्यांचा आवाज. इथे आहे म्हणून ओरडलो, घशातून निघालं ते येताहेत हं, येताहेत—

डावा हात आता माझा वाटत नाही. आठ नंबरची म्हातारी मघापासून गप्प होती. गोड आवाज आहे. म्हणते, बाळा, लिहितोस काय एवढं, तुझा उजवा हात तर मोकळाच—